गुप्तांगावर अचानक जखम – कोणाला अनुभव आहे का? कृपया मार्गदर्शन करा

आडवाट – ९ जून, रात्री ११:४८

हा प्रश्न विचारण्यासाठी वेगळा आयडी घेतला आहे. नेहमीच्या आयडीने विचारायची हिंमत झाली नाही.

वय ३४, लग्नाला सहा वर्षं झाली, एक मुलगी आहे. रविवारी सकाळी आंघोळ करताना लिंगाच्या पुढच्या बोंडावर आठ आण्याच्या नाण्याएवढा जांभळट लाल चट्टा दिसला. आदल्या रात्री झोपताना तिथे काहीही नव्हतं, हे नक्की सांगतो. संध्याकाळपर्यंत त्यावर पाणी धरलं, सोमवारी वरची कातडी निघाली आणि आता लाल, ओलसर जखम आहे. लघवीचा थेंब लागला तरी आग होते. पू नाही, ताप नाही, जांघेत अवधाण (गाठ) आलेलं नाही.

आता जे लपवून उपयोग नाही ते लिहितो. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीच्या कामासाठी बंगळुरूला होतो, तिथे एका व्यक्तीशी एकदा संबंध आला. कंडोम वापरला होता, पण मुखमैथुनाच्या वेळी नव्हता. त्यानंतर आजपर्यंत काही त्रास झाला नाही, आणि मी स्वतःला समजावलं होतं की विषय संपला. बायको मुलीला घेऊन सुट्टीसाठी माहेरी गेली आहे, शनिवारी परत येते.

दोन रात्री नेटवर फोटो बघतोय आणि प्रत्येक फोटो माझाच वाटतो. मेडिकलमध्ये खालच्या आवाजात सांगितलं, त्यांनी एक ट्यूब दिली, ती अजून फोडलेली नाही. फॅमिली डॉक्टर वडिलांचे मित्र आहेत, त्यांच्याकडे जाणं शक्य नाही. हा गुप्तरोग असेल का? एचआयव्ही असू शकतो का? आणि कुठल्या डॉक्टरकडे जायचं?

पांथस्थ – १० जून, सकाळी ७:०५

घाबरू नका. मलाही तीन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली आणि चार दिवसांत साफ. ट्यूबचं नाव हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, जखमेचा फोटोही पाठवा.

साळुंकी – १० जून, सकाळी ८:३१

मी त्वचा व गुप्तरोग विभागात बावीस वर्षं काम करते आहे. आडवाट, ती ट्यूब फोडू नका. पांथस्थ, तुमचा हेतू चांगला आहे, पण दुकानात अशा वेळी जी ट्यूब हातात ठेवतात तिच्यात बहुतेकदा क्लोबेटासोलसारखं जहाल स्टिरॉइड, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध एकत्र असतं. लालपणा दोन दिवसांत ओसरतो आणि मूळ काय होतं ते आम्हाला कळेनासं होतं. नागीण जातीचा विषाणू असेल तर स्टिरॉइडने तो पसरतो. तिथली कातडी आधीच पातळ असते, महिनाभर लावली तर आणखी विरते. तोपर्यंत फक्त साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, चड्डीला चिकटत असेल तर साधं व्हॅसलीन. डेटॉल, हळद, तुरटी काही नको.

फोटो कोणालाही पाठवू नका. निदान त्यावरून होणार नाही, आणि फोटो कुठे फिरेल सांगता येत नाही.

आता मला काही विचारायचं आहे. पहिल्यांदा दुखलं, खाजलं की नुसतं जळजळलं? एकच मोठा चट्टा होता की बारीक फोडांचा घोस? याच जागी पूर्वी कधी असं झालं होतं का? तोंडात, ओठावर काही आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं, शनिवारी किंवा रविवारी पहाटे कुठली गोळी घेतली होती का? ताप, अंगदुखी, जुलाब, लघवीची जळजळ, कशासाठीही. 'साधीच होती' म्हणून सोडून देऊ नका.

तुमच्या तारखांबद्दल एवढं सांगते. नागिणीच्या जातीचा हर्पिस पहिल्यांदा उठतो तो साधारण २ ते १२ दिवसांत. सिफिलिस या गुप्तरोगाची पहिली जखम ९ ते ९० दिवसांत, बहुतेकांना तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. तुमच्या संबंधाला साडेतीन महिने झाले. तारखा फारशा जुळत नाहीत. तरी तपासण्या करायच्याच, कारण जखम आणि तो प्रसंग हे दोन वेगळे प्रश्न असू शकतात.

जुना_वाडा – १० जून, सकाळी १०:१२

साळुंकीताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त माझं सांगतो, कारण त्या वेळी हे मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२०१८ ची गोष्ट. माझी जखम दुखत नव्हती. शर्टाच्या बटणासारखी गोल, कडेने कडक, तळ स्वच्छ. चिमटीत धरली तर कूर्चेसारखी लागायची. एका बाजूच्या जांघेत अवधाण आलं होतं, पण तेही दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे किरकोळ असणार, असा माझा हिशोब. महिन्याभरात ती आपोआप भरून आली, व्रणसुद्धा राहिला नाही. त्या दिवशी मी देवळात जाऊन नारळ फोडला, खोटं नाही सांगत.

दोन महिन्यांनी अंगावर तांबूस पुरळ उठलं. खाजत नव्हतं. तळहातांवर आणि तळपायांवरही ठिपके आले. उन्हाळा होता, घामोळं आणि उष्णता म्हणून सब्जा पीत राहिलो. डोक्यावरचे केस मधूनमधून कसर लागल्यासारखे गेले. तेही दोन महिन्यांत आपोआप बरं झालं. म्हणजे रोगाने मला दोनदा हाक मारली आणि दोन्ही वेळा मी तो गेला असं समजलो.

तो गेला नव्हता. बायकोला दिवस गेले, तिसऱ्या महिन्यात नेहमीच्या रक्ततपासण्या झाल्या आणि तिचा व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्तचाचणी, रिअॅक्टिव्ह (पॉझिटिव्ह) आला. ती त्या कागदाकडे बघत होती, तो शब्द तिला माहीत नव्हता. मलाही तोपर्यंत माहीत नव्हता, पण डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं तेव्हा सगळं एका क्षणात जुळलं. ती बटणासारखी जखम, ते ठिपके.

दोघांनाही बेंझाथिन पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, २४ लाख युनिटं, अर्धं एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. आधी कातडीत टेस्ट डोस. कधी लागण झाली ते नक्की ठरत नसल्याने आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. पहिल्या इंजेक्शनच्या रात्री मला हुडहुडी भरून ताप आला, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. उपचार वेळेत झाले म्हणून मुलगी नीट जन्मली. तिचीही तपासणी झाली, ठीक आली. पण त्या सहा महिन्यांत आमच्या घरात जेवढी शांतता होती तेवढी नको कोणाच्या घरी.

आडवाट, तुमची जखम दुखते आहे, माझी दुखत नव्हती, त्यामुळे तुमचं वेगळं असेलही. पण ती भरून आली म्हणून दवाखाना टाळू नका.

गारवा – १० जून, दुपारी १२:४०

वैद्यकीय सल्ला ठीक आहे, पण इथे कोणी त्या बाईंचा विचार करणार आहे का? नवऱ्यावर विश्वास ठेवून ती माहेरी गेली आहे. प्रश्न जखमेचा नाही.

जुना_वाडा – १० जून, दुपारी १:२२

गारवा, तुमचा राग मला मान्य आहे, माझ्या बायकोचाही तोच होता. पण आज या माणसाला इतकं लाजवलं की तो तोंड लपवून ट्यूब लावत बसला, तर उद्या भोगावं लागेल ते त्या बाईलाच. आधी त्याला दवाखान्याच्या रांगेत उभं राहू द्या.

आडवाट – १० जून, दुपारी २:०५

गारवा, तुम्ही बोललात त्यात चुकीचं काही नाही. मी त्यावर काही सफाई देणार नाही.

साळुंकी मॅडम, ऑफिसमधून लिहितोय, हात थरथरतोय. गोळी घेतली होती. शनिवारी बाहेर जेवलो, रात्री पोट बिघडलं, चार-पाच वेळा जावं लागलं. घरातल्या औषधांच्या डब्यात मागची अर्धी स्ट्रिप होती, त्यातली एक घेऊन झोपलो. आता फोनमधल्या फोटोत बघितलं, ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल असं लिहिलंय.

आणि दुसरं. मागच्या दिवाळीत गावी असताना याच जागी लहान लाल डाग आला होता. चार दिवसांत गेला, तिथे काळसर खूण राहिली, मी ती विसरूनही गेलो होतो. ही स्ट्रिप तेव्हाचीच आहे! तेव्हाही जुलाबासाठीच घेतली होती. तेव्हा बंगळुरू झालेलंच नव्हतं.

एकच चट्टा आहे, घोस नाही. सुरुवातीला जळजळ होती. तोंडात काही नाही, पण खालचा ओठ रविवारपासून एका जागी हुळहुळतोय.

साळुंकी – १० जून, दुपारी ४:५०

मला हेच विचारायचं होतं. याला आम्ही फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतो. एखादं औषध शरीराला मानवत नाही, आणि त्याची खूण प्रत्येक वेळी त्याच ठरावीक जागी उठते. पहिल्या वेळी हलकी, पुढच्या वेळी जास्त, कधी एकाच्या दोन जागा होतात. गोळी पोटात गेल्यावर काही तासांत चट्टा येतो, म्हणून रात्री नव्हता आणि सकाळी दिसला. बोंड आणि ओठ या त्याच्या आवडत्या जागा. बरं झालं की काळसर डाग मागे राहतो. सल्फाच्या गोळ्या, टेट्रासायक्लिन गटातली औषधं, काही वेदनाशामकं आणि तुमच्या स्ट्रिपमधली दोन्ही औषधं यासाठी ओळखीची आहेत. जुलाबाच्या गोळीमुळे जखम झालेले आणि गुप्तरोग झाला म्हणून महिनाभर घरच्यांशी न बोललेले कितीतरी पुरुष मी पाहिले आहेत.

तरीही हे मी न बघता बोलते आहे. डोळ्यांनी बघणारा डॉक्टर हवा. उद्याच जा, स्ट्रिप खिशात घेऊन जा. त्या डब्यातली कुठलीही गोळी आता घेऊ नका. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल ही त्याच कुळातली, तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

जीव भांड्यात पडला म्हणून तपासण्या टाळायच्या नाहीत. व्हीडीआरएल, टीपीएचए (दोन्ही सिफिलिससाठी), एचआयव्ही, हिपॅटायटिस बी. बंगळुरूचा हिशोब रक्तानेच मिटेल.

पायवाट_७ – १० जून, संध्याकाळी ६:३३

मी एका सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे. 'कुठे जायचं' हा प्रश्न मागेच राहिला म्हणून लिहिते.

जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. बोर्डावर गुप्तरोग हा शब्द शोधू नका, सुरक्षा क्लिनिक विचारा. केसपेपर काढताना खिडकीवर पूर्ण कहाणी सांगायची गरज नाही, 'त्वचा' म्हटलं तरी पुढे पाठवतात. त्याच आवारात आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्र असतं, तिथली चाचणी मोफत आहे. फोनवर बोलायचं असेल तर १०९७, हाही मोफत.

आमच्याकडे औषधांची रंगीत किटं असतात. हर्पिस नसलेल्या जखमेला पांढरं, पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर निळं, हर्पिसच्या फोडांना लाल, जांघेतल्या गाठीला काळं. लोक म्हणतात, 'ताई, ते लाल पाकीट द्या, मित्राला दिलं होतं.' तसं देता येत नाही. जखम बघूनच किट ठरतं, आणि जोडीदाराचे उपचारही त्यासोबत विचारले जातात.

कोणाला कळेल ही सर्वांत मोठी भीती असते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही आणि तुमचा रिपोर्ट कोणाला सांगताही येत नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी आणखी एक. आडवाट यांचा काळ गेला आहे, पण धोक्याचा संबंध काल-परवाच आला असेल तर ७२ तासांच्या आत पोहोचा, जितकं लवकर तितकं चांगलं. एचआयव्ही रोखण्यासाठी २८ दिवसांच्या गोळ्या असतात. लोक आमच्याकडे दहाव्या दिवशी येतात आणि मग आमचेही हात बांधलेले असतात.

केतकी_वन – १० जून, रात्री ९:१५

बाई म्हणून लिहायला संकोच वाटतोय, पण लिहिते. मला हर्पिस आहे. लग्नाच्या पाचव्या वर्षी पहिल्यांदा उठला. आधी दोन दिवस मुंग्या आणि मांडीत कळ, मग बारीक फोडांचा घोस, ते फुटून इतकी आग की लघवी करताना मी टबात पाणी भरून बसायचे. कुठल्याशा दवाखान्यात पहिला प्रश्न आला, 'मिस्टर बाहेरगावी असतात का?' घरी येऊन आम्ही दोघंही एकमेकांकडे संशयाने बघत होतो.

पुढे एका शांत डॉक्टरबाईंनी समजावलं की हा विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. आज उठला म्हणजे आज लागला असं नाही. ओठावर जो 'जर' (तापासारखे फोड) येतो त्याचा विषाणूही मुखमैथुनातून खाली येऊ शकतो, आणि ह्यांना लहानपणापासून ओठावर जर येतो. चार वाक्यांत आमचं घर परत जागेवर आलं. तो शरीरातून पूर्ण जात नाही हे खरं, पण अॅसायक्लोविर लवकर सुरू केलं तर लवकर आटोक्यात येतो. पहिल्या वर्षी चारदा आला, आता वर्षातून एखादवेळ. गरोदरपणात डॉक्टरांना आधी सांगून ठेवलं होतं, कारण प्रसूतीच्या वेळी फोड असतील तर सिझेरियन करावं लागतं. माझी प्रसूती नॉर्मल झाली.

शेवंती_०३ – ११ जून, सकाळी ६:५०

केतकी, तुझं वाचून मलाही लिहावंसं वाटलं. माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला तापानंतर चौथ्या दिवशी खाली दोन खोल जखमा झाल्या. रडत सांगितलं तिने. ज्या दवाखान्यात नेलं तिथे सगळ्यांसमोर तिला विचारलं, 'कोणाबरोबर होतीस?' मी आई असून मलाही क्षणभर शंका आली, आणि ती शंका तिने माझ्या डोळ्यांत बघितली. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून, हळुवार विचारून, तपासून सांगितलं की काही विषाणूजन्य तापांनंतर मुलींना अशा जखमा होतात, त्यांचा शरीरसंबंधाशी काही संबंध नसतो. लिपशुट्झ अल्सर असं नाव कागदावर लिहून दिलं. तीन आठवड्यांत भरल्या, पुन्हा आल्या नाहीत. मुलींच्या आयांनो, आधी पोरीला जवळ घ्या.

साळुंकी – ११ जून, सकाळी ८:०२

शेवंती, तो कागद जपून ठेवा. पुन्हा झाल्या, सोबत तोंडात छाले येत असतील तर परत दाखवा, मग वेगळ्या आजाराचा विचार करावा लागतो. आणि सर्वांसाठी, कुठल्याही वयात तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम तुकडा काढून तपासायला लागते. गुप्तरोगाच्या लाजेपायी कर्करोग वाढवून आलेले पेशंट बघताना फार वाईट वाटतं.

आडवाट – १२ जून, रात्री १०:२०

जाऊन आलो. सुट्टी टाकली, घरापासून लांबच्या सरकारी रुग्णालयात गेलो. रांगेत माझ्यापुढे एक आजोबा होते, मागे कॉलेजचा मुलगा, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. डॉक्टरांनी पडदा ओढून, हातमोजे घालून दोन मिनिटं बघितलं, ओठ बघितला, स्ट्रिप हातात घेतली आणि मॅडमचंच निदान सांगितलं. लावायला साधं मलम दिलं. जखम भरेपर्यंत संबंध नाही.

रक्ताचे रिपोर्ट आज मिळाले. व्हीडीआरएल, टीपीएचए नॉन-रिअॅक्टिव्ह, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, एचआयव्ही नॉन-रिअॅक्टिव्ह. संबंधाला ९० दिवसांहून जास्त झाले असल्याने त्या प्रसंगासाठी पुन्हा तपासणी लागणार नाही असं समुपदेशकांनी सांगितलं. दोन्ही औषधांची नावं एका कार्डावर लिहून दिली, ते पाकिटात ठेवलंय. कुठल्याही डॉक्टरकडे गेलो की आधी ते दाखवायचं.

उद्या ती येते.

गारवा – १२ जून, रात्री ११:०१

रिपोर्ट चांगले आले, बरं वाटलं. मनापासून.

आडवाट – १८ जून, सकाळी ५:३०

जखम सुकली, काळा डाग राहिलाय. रविवारी मुलगी झोपल्यावर बायकोला सगळं सांगितलं. औषधाचं सांगून थांबता आलं असतं, पण बंगळुरूही सांगितलं. ती खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मला माझी तपासणी करायची आहे. मी म्हणालो, डॉक्टरांच्या मते गरज नाही. ती म्हणाली, गरज मला आहे. मंगळवारी सोबत गेलो, मी बाहेर बाकावर बसलो होतो. तिचे रिपोर्ट व्यवस्थित आहेत. आमच्यात बोलणं अजून कामापुरतंच आहे. इथे आणखी काही लिहिणार नाही, ते तिचंही आहे. सगळ्यांचे आभार.

नदीकाठ_११ – २१ जून, रात्री १२:१०

धागा तीनदा वाचला. माझा सिफिलिस गेल्या नोव्हेंबरात निघाला होता, पहिल्या अवस्थेतला. इंजेक्शन झालं. आता व्हीडीआरएल १:४ आलाय आणि टीपीएचए पॉझिटिव्हच आहे. म्हणजे बरा झालो नाही का? परत इंजेक्शन घेऊ?

जुना_वाडा – २१ जून, सकाळी ७:४४

टीपीएचए बहुतेकांचा जन्मभर पॉझिटिव्ह राहतो, माझाही आहे. नोकरीच्या मेडिकलमध्ये त्यावरून एकदा पुन्हा घाबरलो होतो. त्यावरून काही ठरवू नका. नोव्हेंबरात व्हीडीआरएलचा आकडा किती होता?

नदीकाठ_११ – २१ जून, सकाळी ७:५८

१:३२

साळुंकी – २१ जून, सकाळी ९:१६

१:३२ वरून १:१६, मग १:८, मग १:४. तीन पायऱ्या उतरलात, दोन उतरल्या तरी उपचार लागू पडला असं आम्ही धरतो. मधल्या काळात नवा धोका आला नसेल तर आज इंजेक्शनची गरज दिसत नाही. दोन्ही रिपोर्ट एकत्र घेऊन जिथे उपचार झाले तिथेच दाखवा, आणि नोव्हेंबरात पुन्हा एकदा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, व्हीडीआरएल करा. जोडीदाराचे उपचार झाले होते का?

नदीकाठ_११ – २१ जून, सकाळी ९:४०

नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.

पायवाट_७ – २१ जून, सकाळी ९:५२

आज १०९७ ला फोन करा, किंवा मला व्यनि करा. कसं सांगायचं ते आपण बसून ठरवू. आमच्याकडे दोघांना सोबत बोलावून सांगायचीही सोय असते, तुम्हाला एकट्याला तोंड उघडावं लागणार नाही.